वीस वर्षांच्या ओम्नीचं पासिंग

आमच्या मारुती ओम्नी व्हॅनच्या आरसीवरची (नोंदणी प्रमाणपत्रावरची) मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपत होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने एक मसुदा काढला. वीस वर्षांवरच्या गाड्यांच्या नोंदणी नूतनीकरणाची फी वाढवायचा प्रस्ताव त्यात होता. गावात ही बातमी पोचली ती 'वीस वर्षांच्या गाड्या भंगारात' अशी होऊन. दुकानात येणारा प्रत्येक जण विचारायला लागला, "दादा, ओम्नी काढणार का मग?"

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की ती उपसून आणायची, वाइंडिंग भरायचं, बेअरिंग बदलायचे, परत नेऊन बसवायची. मागची सीट दुमडली की ओम्नीत पाच एचपीची मोटार, स्टार्टर आणि हत्यारांची पेटी आरामात बसते. मळ्यातल्या चिखलाच्या वाटेवर ती हलकी पडते, सहज निघते. आठवडाभर ती जाग्यावर उभी राहिली तर माझा धंदा बंद पडतो. त्यामुळे ही बातमी ऐकून सोडून देण्यासारखी नव्हती.

आधी कायदा काय आहे ते नीट वाचून काढलं. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम ४१ प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. पंधरा वर्षं झाली म्हणजे गाडी बाद झाली, असं त्यात कुठेही नाही. गाडीची तपासणी करून नोंदणी पाच वर्षांनी वाढवता येते, आणि त्यानंतर पुन्हा पाच वर्षांनी. अर्ज नमुना २५ मध्ये करायचा, आणि मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत करायचा. आपण ज्याला पासिंग म्हणतो ते एवढंच.

मग भंगाराची भीती आली कुठून? दिल्लीकडून. दिल्ली आणि आजूबाजूच्या भागात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर २०१५ पासून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा बंदीचा आदेश आहे, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. १ जुलै २०२५ पासून तिथे अशा गाड्यांना पंपावर पेट्रोल-डिझेल द्यायचं नाही असं ठरलं, लोक संतापले, आणि काही दिवसांत ते थांबवावं लागलं. ऑगस्टमध्ये न्यायालयानेही नुसत्या वयावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नका असं तेव्हापुरतं सांगितलं. हे सगळं दिल्लीचं. महाराष्ट्रात खासगी गाडीला अशी वयाची बंदी नाही. पण मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओत दिल्ली कुठली आणि आपला जिल्हा कुठला, हे कोणी सांगत नाही. आमच्या गल्लीतल्या एकाने चांगली चालती मारुती ८०० या भीतीपोटी भंगारवाल्याला घातली. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मसुदा निघाला की हरकती मागवतात, त्यासाठी तीस दिवसांची मुदत असते. ही गोष्ट बहुतेक लोकांना माहीत नसते, मलाही आधी माहीत नव्हती. राजपत्रात शेवटी पत्ताच दिलेला असतो: परिवहन भवन, संसद मार्ग, नवी दिल्ली. मी रात्री दुकान बंद केल्यावर बसून मुद्दे काढले, मुलीने टाईप करून दिले, आणि रजिस्टर पोस्टाने पाठवले.

पत्रात मी दोनच गोष्टी लिहिल्या. पहिली, जुनी गाडी धूर जास्त करते हे मान्य. माझी ओम्नी २००५ ची, तेव्हाच्या प्रदूषण मानकाची. आजच्या बीएस-६ गाडीइतकी स्वच्छ ती कधीच होणार नाही, कितीही ट्यूनिंग केलं तरी. पण त्याचे पैसे मी आधीच भरतो. महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीला पर्यावरण कर आहे, ज्याला सगळे ग्रीन टॅक्स म्हणतात: २०२५ मध्ये तो पाच वर्षांसाठी दुचाकीला होता २,००० रुपये, पेट्रोल गाडीला ३,०००, डिझेलला ३,५००. धुराची भरपाई तिथे झाली. मग नूतनीकरणाची वाढीव फी कशाची? सोळा वर्षांची गाडी तपासायला आणि एकवीस वर्षांची तपासायला निरीक्षकाला सारखाच वेळ लागतो.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातून आलेली. माझ्याकडे मोटार आली की ती किती साली घेतली हे मी विचारतो, पण तेवढ्यावर काही ठरवत नाही. मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावतो, इन्सुलेशन किती दाखवतं ते बघतो. तीस वर्षांची मोटार धडधाकट निघते आणि तीन वर्षांची आतून काळी ठिक्कर पडलेली असते. गाडीचंही तसंच करा, असं मी लिहिलं. यंत्रावर चाचणी घ्या. ब्रेक, धूर, हेडलाइट, स्टिअरिंग, खालचा पत्रा, सगळं मोजा. नापास झाली तर रस्त्यावरून काढा, मी स्वतः आणून देईन. पण पास झाली तर तिच्या वयाचा दंड लावू नका.

उत्तर आलं नाही. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात अंतिम अधिसूचना निघाली. वीस वर्षांवरच्या मोटारसायकलला २,००० रुपये, तीनचाकीला ५,०००, हलक्या चारचाकीला १०,०००. परदेशातून आणलेल्या चारचाकीला तर ८०,०००. मी मागची पावती काढून बघितली. ओम्नीची पंधरा वर्षं मार्च २०२० मध्ये, ऐन टाळेबंदीत संपली होती. तेव्हा सरकारने कागदपत्रांची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली, शेवटी ती ऑक्टोबर २०२१ पर्यंत गेली. मी मात्र कार्यालय सुरळीत सुरू झाल्यावर ऑक्टोबर २०२० मध्येच तपासणी करून घेतली, आणि त्या तारखेपासून पुढची पाच वर्षं आरसीवर पडली. तेव्हा फी होती ६०० रुपये. एप्रिल २०२२ पासून तीच ५,००० झाली आणि आता वीस वर्षांवर १०,०००. पाच वर्षांत सोळा पटींहून जास्त. माझ्या मजुरीचे दर या पाच वर्षांत दुप्पटसुद्धा झालेले नाहीत.

घरात बोलणं झालं. बायको म्हणाली, "गाडी विकायची म्हटली तर तीस हजार येतील. नवीन घ्यायची म्हटली तर पाच लाख लागतील. यात विचार काय करायचा?" तिचं गणित बरोबर होतं. भंगारात देण्याचा पर्यायही आम्ही बघितला. नोंदणीकृत केंद्रात गाडी दिली की ठेव प्रमाणपत्र मिळतं, आणि ते दाखवलं की नव्या खासगी गाडीच्या करात सवलत मिळते. केंद्राच्या नियमात ही सवलत २५ टक्क्यांपर्यंत आहे. पण ती घ्यायला आधी नवी गाडी घेण्याची ऐपत हवी. ज्याच्याकडे ती आहे, त्याच्या दारात वीस वर्षांची गाडी सहसा नसतेच.

सप्टेंबरपासून तयारीला लागलो. सगळ्यात आधी नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची झाली आहे. तिची मुदत मार्च २०२५ पासून वाढत वाढत तेव्हा नोव्हेंबरअखेरपर्यंत आली होती. पण आरटीओतलं काम असेल तर मुदतीची वाट बघण्यात अर्थ नाही, प्लेट नसेल तर काम अडतं. चारचाकीला जीएसटी धरून ८७९ रुपये. ऑनलाइन नोंदणी करायची, तारीख घ्यायची, सांगितलेल्या केंद्रावर गाडी न्यायची. पैसे फक्त अधिकृत संकेतस्थळावरच भरा. खोट्या साइटवर पैसे गेलेले दोघे जण माझ्या ओळखीत आहेत.

मग गाडी मेकॅनिककडे टाकली. मागच्या चाकांचे व्हील सिलिंडर झिरपत होते, ते बदलले. ब्रेक लायनर, सायलेन्सर, एका बाजूचा बॉल जॉइंट नवा. वायपरची मोटार मीच खोलून साफ केली. पायदानाजवळ पत्र्याला गंज धरला होता, तिथे तुकडा जोडून वेल्डिंग केलं आणि आतून रंग दिला. मेकॅनिक म्हणाला, "अण्णा, पासिंगला एवढं कोण करतं? लाइटी लागल्या म्हणजे झालं." मला ते पटत नाही. या गाडीत माझा मुलगा बसतो, कामाचा पोऱ्या बसतो. पुढच्या सीटखाली इंजिन आणि समोर नुसता पत्रा, अशी ही गाडी. तिला ब्रेक लागलेच पाहिजेत.

पीयूसी, म्हणजे धुराच्या तपासणीचं प्रमाणपत्र, काढली. जुन्या मानकाच्या गाडीला ती सहा महिन्यांचीच मिळते. विमा चालू होता. मोबाइल नंबर मात्र आरटीओच्या 'वाहन' नावाच्या संगणक प्रणालीत जुनाच नोंदलेला, कधीच बंद झालेला. ओटीपी त्याच नंबरावर जातो, म्हणून आधी नंबर बदलायचा अर्ज. हे मी खास सांगतो, कारण वीस वर्षांपूर्वी नोंदवलेल्या बहुतेक गाड्यांचं हे होणार. नूतनीकरणाच्या आधी महिनाभर हे काम करून ठेवा.

नंबर बदलल्यावर बाकीचा अर्ज मोबाइलवरच झाला. परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर, चॅसी नंबरचे शेवटचे पाच आकडे, ओटीपी, मग नोंदणी नूतनीकरण. पडद्यावर रक्कम आली: फी १०,०००, स्मार्ट कार्डाचे २००, आणि पर्यावरण कराचे ३,००० धरले की तेरा हजार दोनशे. मला आकडा आधीच माहीत होता, तरीही बोट क्षणभर थांबलं. द्राक्षाच्या छाटणीचे दिवस होते, लोकांच्या मोटारी चालू होत्या, दुकानात काम कमी होतं. तेवढे पैसे तेव्हा काढणं जड गेलं.

तपासणीच्या दिवशी सकाळीच कार्यालयाच्या मैदानात गाडी लावली. बरोबर नमुना २५, चॅसी नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा, मूळ आरसी, विमा, पीयूसी, आधार, पॅन आणि पावत्या. एक एजंट जवळ आला, "काका, द्या इकडे फाईल, तासात मोकळे व्हाल." मी नको म्हटलं, तो निघून गेला. माझ्या पुढे रांगेत एक म्हातारे गृहस्थ होते, बजाजची स्कूटर घेऊन आलेले. रात्री झोपच लागली नाही म्हणाले. गाडी नापास झाली तर बाजाराला कसं जायचं, हीच काळजी.

निरीक्षक तरुण होते आणि नीट बोलत होते. सीट उचलून मी इंजिन नंबर दाखवला, त्यांनी चॅसी नंबर ठशाशी ताडून बघितला. हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर. टायरवर नजर टाकली, नंबर प्लेटसह गाडीचा फोटो घेतला.

"गाडी चांगली ठेवलीय, काका."

"साहेब, ब्रेक बघा की एकदा लावून."

"मागं लाइन बघा किती आहे," ते म्हणाले, आणि पुढच्या गाडीकडे वळले.

दहा मिनिटंसुद्धा झाली नसतील. त्यांच्यावर माझा राग नाही. उघडं मैदान, एकामागून एक गाड्या, हातात एकही यंत्र नाही, माणसाने काय करावं? पण माझ्या पुढच्या आणि मागच्या गाड्यांच्या ब्रेकचं काय होतं, हे त्या दिवशी कोणालाच कळलं नाही. मागची एक जुनी जीप थांबताना एका बाजूला ओढत होती, मला कानाने आणि डोळ्याने कळत होतं. तीही पास झाली.

फी खुपली, पण त्यापेक्षा मला हे जास्त खुपलं. सरकारचं म्हणणं असं की जुन्या गाड्या धोक्याच्या असतात, म्हणून फी वाढवून लोकांना त्या सोडायला लावायचं. धोका असेल तर तो मोजा ना! व्यावसायिक गाड्यांसाठी स्वयंचलित चाचणी केंद्रं काढली आहेत. तिथे रोलरवर चाक फिरवून प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजतात, दिव्याचा झोत मोजतात, धूर मोजतात, आणि आकडा संगणकातच जातो. खासगी गाड्यांच्या नूतनीकरणालाही हीच चाचणी द्या. त्यासाठी हजार-दीड हजार घ्या, मी आनंदाने देईन. आज दहा हजार भरून माझ्या गाडीच्या ब्रेकबद्दल सरकारला काहीच कळलेलं नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याची खराब गाडी रस्त्यावर राहते आणि ज्याच्याकडे नाहीत त्याची चांगली गाडी कागदावरून निघते.

कागदावरून निघते म्हणजे काय होतं, तेही सांगतो. वस्तीवरचा एक दूध घालणारा मामा पावती बघायला दुकानात आला होता. त्याच्याकडे जुनी हिरो होंडा, वीस वर्षांच्या पुढची. दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून रोज पहाटे डेअरीला जातो. तिची मुदत जून २०२३ मध्ये संपलेली. मी त्याच्यासमोर कागद घेऊन बसलो. नूतनीकरणाची फी २,०००. ग्रीन टॅक्स २,०००. उशीर झाला तर मोटारसायकलला महिन्याला ३०० रुपये जादा, हे एप्रिल २०२२ पासून नियमात आहे, चारचाकीला ५००. त्याचे अठ्ठावीस महिने धरले तर ८,४००. नंबर प्लेटचे ५३१. विमा वेगळा. गाडी विकली तर पंधरा हजारसुद्धा येणार नाहीत.

तो बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दादा, गाडी तर रोज चालतीया. हे भरलं काय न् न्हाई भरलं काय, दूध तर न्यावंच लागतंय."

मी त्याला विम्याचं सांगितलं. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेल्या गाडीच्या अपघाताचा विमा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये नाकारला होता. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर आणणं हाच करारातल्या अटींचा मूलभूत भंग, असं न्यायालय म्हणालं. उद्या कोणी आडवं आलं आणि काही झालं, तर त्याचं घर आणि जमीन दोन्ही अडचणीत येतील. त्याला हे पटलं, पण पटल्याने पैसे येत नाहीत. अशा किती गाड्या आमच्या तालुक्यातल्या पांदीतून, वस्तीवरच्या रस्त्यांवरून फिरतात, ते आठवडी बाजाराला कोणीही उभं राहून बघावं. फी वाढवली म्हणून त्या भंगारात जात नाहीत. विमा नसलेल्या, तपासणी नसलेल्या अशा त्या चालूच राहतात. ज्यांच्या सुरक्षेसाठी नियम केला, त्यांचीच सुरक्षा त्याने कमी झाली, असं मला मनापासून वाटतं.

शेवटी आम्ही असं ठरवलं: डेअरीचं बिल आलं की निम्मे तो घालणार, निम्मे मी उसने देणार, आणि अर्ज मी भरणार. उशिराची रक्कम दर महिन्याला वाढते, त्यामुळे थांबून चालणार नव्हतं. गाडीची चेन, ब्रेक शू आणि मागचा दिवा माझ्याच दुकानात बदलून झाले.

नोव्हेंबरमध्ये आणखी एक अधिसूचना आली, फिटनेस चाचणीच्या दरांची. आता दहा वर्षांपासूनच वयाचे टप्पे पडले आहेत, आणि वीस वर्षांवरच्या अवजड ट्रकला २,५०० रुपयांचे २५,००० झाले. आमच्या इथे ऊस ओढणारे जुने ट्रक बरेच आहेत. त्यांचे मालक गळीत हंगामाच्या तोंडावर हे ऐकून हबकले. त्यातल्या दोघांनी मला माझं फेब्रुवारीचं पत्र मागितलं. मी दिलं, आणि पत्ताही दिला.

ओम्नीचं स्मार्ट कार्ड पोस्टाने आलं. पुढची तारीख आता ऑक्टोबर २०३० ची आहे. मुलीने माझं जुनं पत्र पुन्हा काढून त्यात जीपचा प्रसंग आणि दूधवाल्या मामाचा हिशोब घातला आहे. या वेळी ते मंत्रालयाबरोबर राज्याच्या परिवहन आयुक्तांना आणि आमच्या खासदारांनाही जाणार आहे. त्यात मागणी एकच ठेवली आहे: खासगी गाड्यांच्या नूतनीकरणाला यंत्रावरची चाचणी लागू करा, आणि पास होणाऱ्या गाडीला, ती कितीही जुनी असो, एकच फी ठेवा. गावातल्या पंचवीस-तीस गाडीमालकांच्या सह्या घ्यायच्या आहेत. दुकानाच्या काउंटरवर कागद ठेवला आहे, मोटार न्यायला येणारे सही करून जातात.